चौरस हा पतंगच

चौरस म्हणजे पतंग नव्हे, असं मी बरीच वर्षं ठामपणे शिकवलं. यमुनेच्या पूर्वेला, जिथे दिल्लीची वस्ती गाझियाबादच्या वस्तीत मिसळून जाते, तिथे मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. समभुज चौकोन हा पतंग असतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असे: नाही. पतंगाला लहान बाजूंची एक जोडी लागते आणि मोठ्या बाजूंची एक. चारही बाजू सारख्या झाल्या की तो समभुज, आणि त्यातून कोनही काटकोन असले तर चौरस. ज्याचं त्याचं नाव वेगळं, ज्याचे त्याचे गुणधर्म वेगळे.

आज मी याच्या बरोबर उलट शिकवते. हा बदल कसा झाला ते लिहावंसं वाटलं, कारण प्रश्न एका आकृतीला काय म्हणायचं एवढाच नाही. चौकोनाचे कोन एकमेकांशी का बांधलेले असतात, हे मुलांना कुठून दाखवायला सुरुवात करायची, त्याचा हा प्रश्न आहे. आणि माझ्या मते शाळेतल्या भूमितीत याहून महत्त्वाचे प्रश्न फार थोडे आहेत.

माझ्या जुन्या मताला भक्कम आधार होता. एनसीईआरटीचं आठवीचं जे पुस्तक हातात धरून मी शिकवत आले, त्यात पतंगाची ओळख बाजूंवरून दिलेली होती. लगतच्या समान बाजूंच्या नेमक्या दोन जोड्या, आणि त्या जोड्या एकमेकींहून वेगळ्या. चौरस या व्याख्येत बसतो का ते तपासा, असंही तिथे मुलांना सांगितलं होतं. ‘नेमक्या’ या शब्दावर बोट ठेवून मी तो प्रश्न तिथल्या तिथे निकालात काढत असे.

शिवाय युक्लिड माझ्या बाजूला होता. त्याच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागातली बाविसावी व्याख्या चौकोनांची वर्गवारी करते. समान बाजूंचा आणि काटकोनांचा तो चौरस. काटकोनांचा, पण समान बाजू नसलेला तो आयत. समान बाजूंचा, पण काटकोन नसलेला तो समभुज. मग समांतरभुज, आणि उरलेल्या सगळ्या चौकोनांना मिळून एकच नाव. म्हणजे युक्लिडचा चौरस आयत नसतो आणि समभुजही नसतो. एका आकृतीला एकच खोली. पतंगाला तर त्याने वेगळं नावसुद्धा दिलं नाही. तो त्या उरलेल्यांच्या गर्दीत कुठेतरी आहे.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या युक्लिडबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटायला जागा आहे. संसद मार्गावरचं जंतरमंतर सवाई जयसिंहाने 1724 च्या सुमारास उभारलं. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी कड जमिनीशी सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते, म्हणजे दिल्लीच्या अक्षांशाइतका, आणि म्हणून ती थेट ध्रुवाकडे रोखलेली असते. या जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. शाहजहानच्या काळातले कवी पंडितराज जगन्नाथ ते वेगळे. या जगन्नाथांचं घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. त्यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून युक्लिड संस्कृतात आणला; ‘रेखागणित’ हे त्या ग्रंथाचं नाव. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून संस्कृतात, आणि तेही एका मराठी घराण्यातल्या माणसाच्या हातून. मुलांना जंतरमंतरला घेऊन गेले की हे मी आवर्जून सांगते. त्यामुळे युक्लिडच्या खोल्या मोडायची मला कधी गरजच वाटली नव्हती.

वर्गात त्या खोल्यांचा एक तक्ता होतो. उभ्या ओळीत चौकोनांची नावं, आडव्या ओळीत बाजू, कोन, कर्ण. समांतरभुज: संमुख कोन समान, लगतचे कोन मिळून 180 अंश. समलंब: समांतर बाजूंना जोडणाऱ्या बाजूवरचे दोन कोन मिळून 180. पतंग: संमुख कोनांची एकच जोडी समान. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत उतरवतात. पण पतंगाच्या रकान्यापाशी दरवर्षी तीच अडचण येते, जी आठवीला शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल. संमुख कोनांची एक जोडी समान, हे मुलांच्या लक्षात राहतं. कोणती जोडी, हे राहत नाही. डोक्याचा आणि शेपटीकडचा कोन समान धरून कितीतरी मुलं गणित सोडवत जातात, आणि बेरीज 360 आली की त्यांना सगळं बरोबर आहे असंच वाटतं. बेरीज कोणत्याही चौकोनात 360 च येणार. ती चूक पकडू शकत नाही.

यावर उपाय म्हणून मी तक्ता आणखी बारकाईने लिहू लागले. ‘असमान बाजूंच्या मधले कोन समान.’ वाक्य अचूक आहे. पण मुलांच्या डोक्यावरचा भार एका वाक्याने वाढला, इतकाच फरक पडला. ते कोन समान का, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

मग नाशिकहून भाच्याचा फोन आला. तो तिकडे मराठी माध्यमात आठवीत होता आणि अडलं की मला विचारायचा.

“आत्या, चौरस पतंग असतो ना गं?”

“नसतो. बाजू वेगवेगळ्या लागतात.”

“पण आमच्या पुस्तकात बाजूंचं काही म्हटलंच नाहीये. एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक असला की तो पतंग. चौरसाचा असतोच की.”

मी त्याला पानाचा फोटो पाठवायला सांगितला. खरंच होतं. बालभारतीच्या पुस्तकात पतंगाची ओळख कर्णांवरून करून दिली आहे: ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो तो पतंग. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, समभुजाचेही. तेव्हा या व्याख्येने दोघेही पतंगाच्या घरात येतात, कसलीही परवानगी न मागता. एकाच देशात, एकाच इयत्तेत, नाशिकचं मूल ‘हो’ लिहायचं आणि माझ्या वर्गातलं ‘नाही’, आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळायचे.

पहिल्यांदा मला यात नुसती अडचणच दिसली. मंडळं वेगळी, व्याख्या वेगळ्या, असं म्हणून मी पुढे जाणार होते. पण कर्णांवरून केलेल्या त्या व्याख्येने मला सोडलं नाही. मी कागदावर आकृती काढली. शिरोबिंदू अ, ब, क, ड. अक हा उभा कर्ण, बड हा आडवा, आणि अक हा बडचा लंबदुभाजक. एवढं मान्य केलं की बाकी सगळं आपोआप हाती येतं. कागद अक या रेषेवर दुमडला की ब बरोबर डवर बसतो. म्हणून बपाशी जो कोन तोच डपाशी. तेच दोन समान असणार, कारण घडीत एकावर एक येतात ते तेच. अ आणि क घडीवरच आहेत; ते कोन एकमेकांवर येत नाहीत, घडी त्यांना मधोमध चिरते. म्हणजे अ आणि क या कोनांचे दोन-दोन समान भाग होतात. कोणती जोडी समान आणि कोणत्या कोनांचा दुभाजक, हे दोन प्रश्न उरतच नाहीत. घडी कुठे आहे ते पाहायचं.

आणि मोजमापही हातात येतं. आडव्या कर्णाने पतंगाचे दोन समद्विभुज त्रिकोण होतात, पाया एकच. वरच्या त्रिकोणाचा पायाकडचा कोन 90 वजा अ या कोनाचा निम्मा, खालच्याचा 90 वजा क या कोनाचा निम्मा. दोन्ही मिळवले की ब मिळतो: 180 मधून अ आणि क यांच्या बेरजेचा निम्मा वजा. तक्त्यातलं पाठ केलेलं वाक्य इथे एका ओळीच्या सिद्धतेत उतरलं होतं.

पण या सगळ्यात बाजू समान की असमान हे कुठे आलं? कुठेच नाही. ‘बाजू वेगवेगळ्या हव्यात’ ही अट मी इतकी वर्षं सांभाळली आणि कोनांच्या एकाही गुणधर्माला तिची गरज पडली नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या जुन्या मताला पहिला तडा गेला.

दुसरा गेला तो जिओजेब्राच्या पडद्यावर. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन शिक्षकाने साल्झबुर्गला शिकत असताना 2001 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझ्यासारख्यांसाठी ती मोठी देणगी आहे. मी अ, ब आणि ड जागच्या जागी ठेवले, अपाशी कोन 60 अंश केला, आणि क हा बिंदू त्या उभ्या रेषेवरून सरकवत नेला. क खूप खाली असताना लांबुडका पतंग दिसतो, चित्राच्या पुस्तकात असतो तसा. क वर येऊ लागतो तसा कपाशी कोन उघडत जातो आणि ब व ड मिटत जातात. क 60 अंश झाला की ब 120. चारही बाजू समान, समभुज चौकोन. आणखी वर, क 120 झाला की ब आणि ड दोन्ही काटकोन. आता संमुख कोनांची बेरीज 180, म्हणून चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर येतात. पतंग चक्रीय होतो. क 180 ला पोहोचला की तो बड या रेषेवरच बसतो आणि आकृती त्रिकोण होते. त्याच्याही वर नेला तर चौकोन आत दुमडतो, बाणाच्या पात्यासारखा होतो, आणि कपाशी 180 पेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल कोन येतो. क 240 अंश केला तर ब आणि ड प्रत्येकी 30. साठ, तीस, दोनशे चाळीस, तीस: बेरीज पुन्हा 360. सूत्र तेच चाललं. फरक इतकाच की बहिर्वक्र पतंगात पायाचे दोन कोन मिळवायचे, आणि या आत दुमडलेल्यात मोठ्यातून लहान वजा करायचा.

हा प्रवास सलग आहे. कुठेही उडी नाही, कुठेही एखादा गुणधर्म क्षणभर हरवत नाही. मग माझ्या जुन्या शिकवण्याप्रमाणे काय व्हायचं? क सरकत असताना आकृती पतंग आहे, पतंग आहे, आणि नेमक्या एका जागी, जिथे क 60 अंश होतो तिथे, ती पतंग राहत नाही. आणि केसाएवढी पुढे सरकताच पुन्हा पतंग होते. असं का म्हणायचं? त्या एका जागी समभुजाला आणखी एक घडी मिळते, बड या रेषेवरची. त्याच्याकडे पतंगाचं सगळं आहे आणि वर थोडं अधिक आहे. ज्याच्याकडे अधिक आहे त्यालाच घराबाहेर काढायचं, याला गणितात काही कारण मला सापडलं नाही. मी शोधलं नाही असं नाही.

त्या ऑगस्टमध्ये मी लाल कुआँला गेले. मी मूळची येवल्याची. आमच्याकडे पतंग संक्रांतीचे. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गावच्या सगळ्या गच्च्या भरलेल्या आणि प्रत्येकाच्या हातात आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी. दिल्लीचे पतंग 15 ऑगस्टचे. पावसाळी, दमट हवेत लक्ष्मीनगर-शकरपूरच्या गच्च्यांवर ते दिसतात, आणि त्यांचा मोठा बाजार जुन्या दिल्लीत, चावडी बाजारच्या मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लाल कुआँला भरतो. नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर दिल्ली सरकारने 2017 साली बंदी घातली, आणि ती घातली ते फार चांगलं झालं. पक्ष्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणाऱ्या दोऱ्याला मी खेळ म्हणणार नाही. पण मी मांजासाठी गेलेच नव्हते. मला पतंग बनवताना पाहायचा होता.

तिथे दुकानाच्या फळीवर बसून एक वयस्कर कारागीर पतंग बांधत होते. कागद जवळजवळ चौरस. तो कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे घडी घालून ठेवलेला, घडीच्या रेषेवर बांबूची उभी काडी चिकटवायची. तिला ते ठड्डा म्हणतात. मग दुसरी बारीक, लवचिक काडी धनुष्यासारखी वाकवून दोन बाजूंच्या कोपऱ्यांत टोकं बसवायची; ती कांप. मी विचारलं, “चाचा, चारों किनारे बराबर रखते हैं?” त्यांनी मान हलवली. “किनारे कौन नापता है, बेटी. ठड्डा बीच में, दोनों तरफ बराबर.”

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. बाजू कुणी मोजत नव्हतं. पतंग कर्णांपासून बनत होता. ठड्डा हा एक कर्ण. वाकलेल्या कांपेची दोन टोकं जोडणारी रेषा हा दुसरा. कांप स्वतः कमानीसारखी वर जाते आणि ठड्ड्याला थोडी डोक्याकडे छेदते, पण तिची टोकं ठड्ड्यापासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर असतात. दोऱ्याचा कन्ना बांधायला दोन जागा: एक कांप आणि ठड्डा जिथे छेदतात ती, दुसरी खाली ठड्ड्यावर. दोन्ही घडीच्याच रेषेत. एक बाजू जड झाली तर पतंग एकीकडे झुकत राहतो. दिल्लीत म्हणतात, पतंग कन्नी खातोय. मग हलक्या बाजूच्या कोपऱ्यावर कापडाची चिंधी बांधून तोल आणतात. सगळी धडपड घडीच्या दोन्ही अंगांना सारखं ठेवायची. वाऱ्यात कांप मागे वाकते, कागद फुगतो, कोनांची मापं बदलतात, तरी डावा कोन आणि उजवा कोन एकमेकांना धरून राहतात.

आणि तो कागद चौरस होता. वर्गात मी ज्या आकृतीला पतंग म्हणायला नकार देत होते, ती या शहराच्या आभाळात दर ऑगस्टला हजारोंनी उडते. पुस्तकातला लांबुडका, खाली निमुळता, शेपटीवाला पतंग युरोपातून आलेला. माझ्या वर्गातल्या मुलांनी तसा कधी उडवलेला नाही. आमची व्याख्या त्यांच्या हातातल्या पतंगालाच पतंग मानत नव्हती.

बाजूंवरून सुरुवात करण्यात आणखी एक खोट आहे, आणि ती आपल्याकडे फार पूर्वी एकाने दाखवून ठेवली आहे. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात चौकोनाचं क्षेत्रफळ काढण्याच्या प्रकरणात ते एकदम चिडतात. नुसत्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न देता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असं त्यांचं म्हणणं; कारण चार बाजूंनी चौकोन ठरत नाही हेच त्यांना कळलेलं नाही. बाजू त्याच ठेवून चौकोन डावी-उजवीकडे हलवता येतो, कोन बदलतात, क्षेत्रफळ बदलतं. ब्रह्मगुप्ताने 628 साली बाजूंवरून क्षेत्रफळाचं जे सूत्र दिलं ते चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तेव्हाच अचूक आहे, आणि भास्कराचार्यांचा रोख ही अट विसरणाऱ्यांवर होता. खाटेच्या चौकटीचे सांधे ढिले झाले की ती कशी डुलते ते आठवलं तरी पुरे. एक कर्ण द्या, चौकोन जागच्या जागी घट्ट होतो.

‘लीलावती’तला हा भाग मी आधीही वाचला होता. तेव्हा तो मला गमतीचा राग वाटला होता. लाल कुआँहून परत आल्यावर तो वेगळा वाटला. चौकोनाचा प्राण कर्णात असतो, हे कारागिराला हाताने माहीत होतं आणि भास्कराचार्यांना गणिताने. मीच तेवढी मुलांना बाजूंपाशी थांबवून ठेवत होते.

मग मी धड्याची मांडणीच उलटी केली. दोन काड्या घ्यायच्या, मधे टाचणी, टोकांवरून दोरा. काड्या एकमेकींना दुभागतील अशा लावल्या की समांतरभुज. त्याच समान लांबीच्या घेतल्या की आयत. काटकोनात लावल्या की समभुज. दोन्ही केलं की चौरस. एक काडी दुसरीला काटकोनात दुभागत असेल, एवढंच पाहिलं, तर पतंग. लांबी, टाचणी आणि कोन, तीनच गोष्टी बदलायच्या. 2025 साली एनसीईआरटीचं ‘गणित प्रकाश’ हे आठवीचं नवं पुस्तक आलं, त्यात चौकोनांचा धडा सुतारापुढच्या अशाच एका प्रश्नाने सुरू होतो: लाकडाच्या दोन पट्ट्या कशा जोडल्या म्हणजे त्यांच्या टोकांवरून फिरवलेल्या दोऱ्याचा आयत होईल? ते पान पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला.

काड्यांमुळे घड्या दिसू लागतात, आणि घड्यांवरून कोनांची नाती. घडी दोन कोपऱ्यांतून गेली तर पतंग. संमुख कोनांची एक जोडी समान. घडी दोन बाजूंच्या मध्यांतून गेली तर समद्विभुज समलंब. लगतच्या कोनांच्या दोन जोड्या समान, आणि त्यामुळे संमुख कोन मिळून 180. पहिला बहिर्वक्र असला की त्याच्या आत नेहमी वर्तुळ बसतं, चारही बाजूंना स्पर्श करणारं. दुसऱ्याच्या बाहेर नेहमी वर्तुळ बसतं, चारही कोपऱ्यांतून जाणारं. एकाला जे बाजूंचं, दुसऱ्याला ते कोनांचं. समभुजाला कोपऱ्यांतून जाणाऱ्या दोन घड्या, आयताला मध्यांतून जाणाऱ्या दोन, चौरसाला चारही. सर्वसाधारण समांतरभुजाला घडीच नाही, पण कर्णांच्या छेदाभोवती तो अर्धा फिरवला की स्वतःवर बसतो, म्हणून त्याच्या संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या समान. या एका परिच्छेदात माझा जुना तक्ता संपूर्ण आला, आणि चौरस दोन्ही घरांत आला म्हणून काही मोडलं नाही.

नववीतल्या एका मुलीने यावरून एक प्रश्न काढला जो मला कुठल्या पुस्तकातून सुचला नसता. बहिर्वक्र चौकोनात ब आणि ड हे संमुख कोन समान आहेत, आणि अक हा कर्ण बड या कर्णाला दुभागतो. तर तो पतंगच असेल का? तिने काटकोनाची अट काढून टाकली होती. आम्ही मिळून सोडवलं. उत्तर असं की तो पतंग असेल किंवा समांतरभुज. तिसरं काही होऊ शकत नाही. ड हा बिंदू अक रेषेपलीकडे परावर्तित केला तर तो ब ज्या वर्तुळकंसावर आहे त्याच कंसावर, आणि अकपासून बइतक्याच अंतरावर पडतो. कंसावर तेवढ्या उंचीच्या जागा दोनच. एकीने पतंग होतो, दुसरीने समांतरभुज. आणि दोन्ही जागा एकच झाल्या तर? तर समभुज, जो दोन्ही आहे. ‘एका आकृतीला एकच खोली’ हा माझा जुना नियम धरला असता तर या सुंदर उत्तराला ‘किंवा समभुज, आयत, चौरस’ असं शेपूट जोडावं लागलं असतं.

मघाशी सरकवलेल्या क बिंदूचा एक थांबा मी घाईने मागे टाकला होता: अ 60, क 120, ब आणि ड काटकोन. नियमित षट्कोनाच्या मध्यापासून प्रत्येक बाजूच्या मध्यापर्यंत रेषा काढल्या की बरोबर असे सहा पतंग मिळतात. हुमायूनच्या मकबऱ्यात दगडी जाळ्यांतून षट्कोनांची वीण दिसते. तिथे उभं राहून या रेषा मनाने ओढता येतात, आणि मुलांना हा खेळ फार आवडतो. याच पतंगाने 2023 मध्ये जगभरच्या गणितज्ञांची झोप उडवली. इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ हौसेने आकार कापून जुळवत बसत. त्यांना एक फरशी सापडली जी अख्खं प्रतल भरून टाकते, पण जिची नक्षी कधीच ठरावीक अंतराने पुन्हा तशीच येत नाही. असा एकटा आकार असू शकतो का, हा प्रश्न अनेक दशकं अनुत्तरित होता. मायर्स, कॅप्लन आणि गुडमन-स्ट्रॉस या तिघांबरोबर त्यांनी सिद्धता दिली. ‘हॅट’ म्हणजे टोपी नावाची ती फरशी असे आठ पतंग जोडून बनते. साठ, नव्वद, एकशे वीस, नव्वद.

माझ्या जुन्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी अजून गंभीरपणे घेते. लहान मुलाला आधी फरक दिसतो, नातं नंतर. नेदरलँड्समधल्या दिना आणि पिएर व्हान हील या शिक्षक दांपत्याने 1957 च्या आपल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. आधी आकार नुसता ओळखणं, मग त्याचे गुणधर्म वेगळे करणं, आणि त्यानंतर एका प्रकाराचं दुसऱ्यात सामावणं कळणं. पाचवीच्या मुलाला चौरस हा आयतच असतो असं सांगून गोंधळात टाकू नये, हे मला आजही पटतं. पण आठवीत ती पायरी आली असते, आणि मी मुलांना तिथे चढू देत नव्हते. पायरी मुलाच्या वयाने ठरावी, शिकवणारीच्या सोयीने नव्हे.

आणि एका ठिकाणी माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. समलंब चौकोनाच्या बाबतीत दोन्ही पुस्तकांनी जागा बदलल्या आहेत. बालभारतीच्या पुस्तकात समलंबाला समांतर बाजूंची एकच जोडी लागते, म्हणजे तिथे समांतरभुज बाहेर. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात समांतर बाजूंची एक जोडी असली की पुरे, म्हणजे समांतरभुजाला आत यायला वाव. पतंगाबाबत उदार असलेलं पुस्तक इथे कडक, आणि कडक असलेलं उदार. मी जे पतंगाला लावलं तेच इथे लावायचं तर समांतरभुजाला आत घ्यायला हवं. पण मग समद्विभुज समलंबाची नेहमीची व्याख्या, समांतर नसलेल्या बाजू समान, कोलमडते. समांतरभुजाच्या उरलेल्या बाजू समान असतातच, पण त्याचे पायावरचे कोन समान नसतात, आणि समलंबाचा सगळ्यात उपयोगी गुणधर्म हातातून जातो. मार्ग आहे: समद्विभुज समलंब बाजूंवरून न सांगता बाजूंच्या मध्यांतून जाणाऱ्या घडीवरून सांगायचा. मी वर्गात तसं करून पाहते आहे. गणित नीट चालतं. पण मुलांना पेपर लिहायचा असतो, आणि तपासणाऱ्याच्या हातात त्याचं पुस्तक असतं.

भाच्याने परवा हेच विचारलं. “आत्या, पेपरात काय लिहू? समांतरभुज समलंब असतो की नसतो?”

“तुझ्या पुस्तकात नसतो, तर नसतो असं लिही. पण उत्तराच्या आधी व्याख्या लिही. एका ओळीत.”

“आणि तुझ्या वर्गातली मुलं काय लिहितात?”

“तीही आधी व्याख्याच लिहितात.”